मोजून अठरा येलक्की

"सा केळी खाल्लो म्हनं मी. सा! उभ्या जल्मात एका बैठकीला सा केळी कवा खाल्लो न्हाई, आनि ती काय चोरून खातोय व्हय?"

"मग तिला सांगायचं न्हाई तसं?"

"सांगितलो की. पर ऐकाय कान रिकामा पायजे. तिच्या कानात ते बोंडूक हुतं. एका कानानं हापिसशी बोलतीया, दुसऱ्या कानानं मला चोर ठरिवतीया."

देवाप्पा वाचमनकीचे बूट घालत उंबऱ्यावर बसला होता. एक बूट पायात, एक हातात. दिवस नुकता वर आला होता आणि गल्लीत पाण्याच्या टँकरवरून भांडण सुरू झालं होतं. "मग सोड की ते घर," तो म्हणाला. "ह्या सर्जापूर रोडवर सैपाकीन हुडकनारी घरं काय कमी हाईत?"

"सोडलो तर काय म्हनतील? चोरी उगडी पडली म्हनून पळाली. न्हाई सोडत."

"मग काय करतीस?"

"बगतो," अंबूबाई म्हणाली, आणि केसाला पीळ देऊन अंबाडा असा आवळला की डोळे वर ताणले गेले.

तीस वर्षांच्या संसारात देवाप्पानं हे 'बगतो' तीनदाच ऐकलं होतं. एकदा थोरल्या दिरानं बांध सरकवला तेव्हा. एकदा बिडीच्या कारखान्यातल्या तपासनिसानं तिच्या हाताला हात लावला तेव्हा. तिसरं त्याच्या स्वतःच्या बाबतीत होतं, ते तो कुणाला सांगत नसे. त्यानं दुसरा बूट मुकाट घातला.

अंबूबाई निपाणीकडची. दहाव्या वर्षी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायला बसली. पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोऱ्याचा वेढा द्यायचा, आणि पंचवीस झाल्या की कट्टा बांधायचा. तेव्हापासून तिच्या बोटांना मोजायची सवय. डोकं दुसरीकडं असलं तरी बोटं मोजत राहतात. ताटात किती मिरच्या पडल्या, डब्यात किती पोळ्या गेल्या, जिन्याला किती पायऱ्या, सगळं बोटांना ठाऊक. अशा बाईवर मोजदादीतली चोरी घालावी म्हणजे सुताराला खिळा ठोकता येत नाही म्हणण्यातली गत झाली.

बंगळुरात येऊन तिला अठरा वर्षं झाली. पहिली आठ राजाजीनगरात, कृष्णमूर्ती मास्तरांच्या घरी. मास्तरांची बायको मूळची मंगळुराकडची, भट्टीतल्या पदार्थांची नादी. तिनं अंबूबाईला केक शिकवला, बिस्किटं शिकवली आणि केळ्याचा पावही शिकवला. केळी कमी असली तर काय करायचं, हे तर खास शिकवलं. असतील तेवढी केळी सालीसकट भट्टीत काळी होऊस्तोवर भाजायची, म्हणजे दोन केळ्यांना चारचा वास येतो. वर वाफवलेला लाल भोपळा कुस्करून घालायचा, दोन चमचे दही, साखरेच्या जागी गूळ. अंबूबाईला ते लगेच उमगलं, कारण भोपळा आणि गूळ म्हणजे घारग्याचंच सामान. "आमच्यात हेच्या घाऱ्या करत्यात आक्का," ती म्हणाली होती, "तुमी भट्टीत घालता येवडंच." पीठ हाताला काय सांगतंय ते ऐकायचं, कागदावर काय लिवलंय ते न्हाई, एवढं तिला कळत होतं. मास्तरीणबाई गेल्या, मास्तर मुलाकडं गेले, आणि अंबूबाई सर्जापूर रोडला आली.

इथं बऱ्याच घरांनंतर सुचेताताई भेटल्या. पुण्याच्या. नवरा शंतनु, दोघंही कंप्यूटरवाले, अकराव्या मजल्यावर घर, अंबूबाईला तिथं लागून दोन वर्षं झालेली. बाई वाईट नव्हती. चहा विचारायची, तापात सुट्टी द्यायची. फक्त तिला अंबूबाईच्या बोलण्याची गंमत वाटायची. अंबूबाईच्या मुलखात बायकाही 'मी आलो, मी केलो' असंच बोलतात. सुचेताताईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "मावशी, तुम्ही स्वतःला पुरुष समजता का हो?" आणि हसल्या. मग मैत्रिणी आल्या की, "ऐका हं, आमच्या मावशी कशा बोलतात. मावशी, भाजी झाली का?" आतून उत्तर यायचं, "केलो की!" की बाहेर खसखस पिकायची. अंबूबाईनं ते मनावर घेतलं नव्हतं. ती चंद्राबाईला म्हणाली होती, "त्यास्नी हसाय दुसरं काय मिळंना बिचाऱ्यास्नी. हसू देत." चंद्राबाई शेजारच्या इमारतीत झाडूफरशी करायची.

हसणं निराळं आणि हे निराळं.

झालं होतं असं. सुचेताताईंच्या फोनवर केळ्याच्या पावाची एक रीत होती, बिनअंड्याची. तीन केळी, दीड कप मैदा, साखर, तेल, बाकी किडूकमिडूक. महिन्यातून दोनदा अंबूबाई तो करायची. फोनवरून मागवलेली केळी यायची ती मोठी, पिवळी, हातभर लांब. तीन घातली की काम भागायचं. पण डिसेंबराच्या शेवटी मोठी केळी मिळेनात आणि दुकानवाल्यानं त्याच्या जागी एक डझन येलक्की पाठवली. येलक्की म्हणजे इथलं बारकं केळं. पातळ सालीचं, गोड, अंगठ्याएवढं म्हणा नाहीतर दोन अंगठ्यांएवढं. सुचेताताई हापिसला निघाल्या होत्या. "मावशी, बनाना ब्रेड करून ठेवा हं," म्हणाल्या आणि गेल्या.

अंबूबाईनं तीन सोलली, कुस्करली, वाटीच्या तळाला गेली. अजून तीन. मग अजून तीन. नऊ झाली तेव्हा पीठ चमच्यावरून जसं पडायला पाहिजे तसं पडलं. पाव असा उतरला की शंतनुसाहेबांनी उभ्या उभ्या चार काप खाल्ले आणि बोटं चाटली.

दुसऱ्या दिवशी सुचेताताईंनी टोपली बघितली. तीन केळी.

"मावशी, काल बारा होती ना?"

"व्हय. नऊ पावात घातलो."

"नऊ? रेसिपीत तीन आहेत, मावशी. आपण नेहमी तीनच घालतो."

"ताई, ही बारकी हाईत वो. त्या मोठ्या केळ्याच्या…"

"एक मिनिट हं," ताई कानातल्या बोंडकाशी बोलल्या, इंग्रजीत काहीतरी बोलल्या, हसल्या, परत वळल्या. "लहान असली म्हणून काय नऊ लागतात? जाऊ दे. सहा केळ्यांनी मी काही गरीब होत नाही. पण मावशी, मागितली असतीत तर दिली असती. एवढंच सांगते. विचारून घेत जा."

आणि हे बोलताना त्यांनी अंबूबाईच्या खांद्यावर हात ठेवला. प्रेमानं.

तो हात अंबूबाईला आठवडाभर खांद्यावर जाणवत राहिला. शिवी दिली असती तर तिनं शिवी दिली असती. हाकललं असतं तर चार शब्द ऐकवून गेली असती. पण चोर ठरवून वर माफी! न केलेल्या पापाची माफी माणसानं ठेवायची तरी कुठं?

तेवढ्यावर राहिलं असतं तरी एक वेळ. तिसऱ्या दिवशी चंद्राबाईनं तिला लिफ्टपाशी गाठलं.

"अंबूआक्का, तुझ्या बाईनं फोनवर काय घातलंय ठावं हाय काय? समद्या बायांच्या ग्रुपात?"

चंद्राबाईच्या मालकिणीनं ते मोठ्यानं वाचलं होतं. ज्यांच्या घरात सैपाकीण एकटी असते त्या मैत्रिणींनी फळं-बिळं मोजून ठेवावीत, अनुभवाचे बोल आहेत, नाव घेत नाही. नाव घ्यायची गरजच नव्हती. अकरा-शून्य-चारमध्ये स्वयंपाकाला कोण जातं हे खालच्या कुत्र्यांनाही माहीत होतं.

नाव न घेता केलेलं काम चांगलं लागू पडलं. दोनच दिवसांनी बी इमारतीतल्या निधीताई, नागपूरच्या, अंबूबाईचं दुसरं घर, गोड आवाजात म्हणाल्या, "अंबूबाई, सध्या ना, मीच करणार आहे घरी स्वयंपाक. डाएट सुरू केलंय." त्या बोलत होत्या तेव्हा ओट्यापाशी नवी बाई कणीक मळत होती. अंबूबाईनं तिच्याकडं बघितलं, निधीताईंकडं बघितलं आणि म्हणाली, "मळा. पानी जास्त झालंय, पोळी फाटंल." आणि जिन्यानं उतरली.

फाटकावर वाचमननं पिशवी मागितली. ओळखीचा माणूस, रोज 'नमस्ते आंटी' म्हणणारा. "ऑर्डर है आंटी," तो खाली बघत म्हणाला. डबा उघडला. पदर झटकायला लावला. शेवटी कनवटीची चंची घेतली आणि टेबलावर उलटी केली. पान, चुना, सुपारीची खांडं, तंबाखूची पुडी. मोटारीतून जाणाऱ्या दोघींनी काचेतून बघितलं. अंबूबाईनं सुपारीचं एकेक खांड वेचून चंचीत भरलं. सात होती. सातही भरली. त्या वेळेपासून तिच्या पोटात जे पेटलं ते राखेखाली नीट झाकून ठेवलेल्या विस्तवासारखं होतं. वरून काही दिसत नव्हतं.

ती रोज कामाला जात राहिली. पोळ्या तशाच, आमटी तशीच. सुचेताताईंना वाटलं, मावशी समजूतदार आहेत, मिटलं.

संक्रांत आली. अपार्टमेंटातल्या मराठी बायकांचं हळदीकुंकू यंदा सुचेताताईंकडं ठरलं. दर वर्षी वाण म्हणून प्लास्टिकचे डबे, चाळण्या, फणीकरंडे लुटून सगळ्यांची कपाटं भरली होती. सुचेताताईंच्या डोक्यात नवी कल्पना आली. वाण म्हणून घरी केलेला बनाना ब्रेड! प्रत्येकीला एक छोटासा, कागदी साच्यात, वर पिवळी फीत. 'होममेड विथ लव्ह' असं लिहिलेली चिठ्ठी त्यांनी छापूनही आणली. ग्रुपवर जाहीर केलं. वाहवा झाली. "तू स्वतः करणार? कसं जमतं गं तुला?" "हो गं, आवड आहे."

अडचण एकच. सणामुळं मोठी केळी कुठंच नव्हती. केळीला भाव आणि मागणी, गाड्यांवर नुसती येलक्की.

"चालेल," सुचेताताई म्हणाल्या. "केळं ते केळं. मावशी, हिशेब बघा. एका रेसिपीत चार छोटे होतात. एकवीस जणी, म्हणजे सहा रेसिप्या. सहा त्रिक अठरा. अठरा केळी."

अंबूबाई ओटा पुसत होती. तिचा हात थांबला. फडकं तिथंच राहिलं.

एवढ्या दिवसांत ती वाट बघत होती, पण कशाची ते तिलाही ठाऊक नव्हतं. आता कळलं. गाडी चालून दारात आली होती, तिला फक्त चढायचं होतं.

"आठराच, ताई?"

"अठरा."

"येलक्कीच?"

"हो, दुसरी कुठायत? अठरा भरपूर झाली."

"मग एक करा," अंबूबाई म्हणाली, अगदी मऊ आवाजात. "मोजून द्या. तुमच्या हातानं. न्हाईतर परत कमी-जास्त झालं की…"

सुचेताताई जरा ओशाळल्या. "अहो मावशी, तसं काही नाही."

"न्हाई, द्याच मोजून."

हळदीकुंकवाच्या दिवशी, रविवारी सकाळी, सुचेताताईंनी जेवणाच्या टेबलावर अठरा येलक्की मोजली. अंबूबाई शेजारी उभी राहून मोठ्यानं मोजत होती, एक, दोन, तीन, धान्य मापावं तशी. शंतनुसाहेब पेपर वाचत होते, त्यांनी मान वर करून विचारलं, "काय लिलाव चाललाय का?"

"व्हय साहेब," अंबूबाई म्हणाली. "तुमी साक्षीला हाय न्हवं? आठरा."

"अठरा," साहेब म्हणाले आणि परत पेपरात गेले.

मैदा नऊ कप. साखर, तेल, सोडा, कागदावर होतं तसं, तितकं. अठरा केळी कुस्करून त्यात घातली आणि हात फिरवला. पीठ सैल व्हायला पाहिजे होतं, ते शंकरपाळ्याच्या पिठासारखं घट्ट गोळा झालं. अंबूबाईची बोटं त्या गोळ्यात रुतली आणि थांबली.

खरं सांगायचं तर त्या वेळेला तिला वाईट वाटलं. ताईंचं नाही, पिठाचं. तिच्या हातानं आजवर अन्न नासलं नव्हतं. करपलेलं कालवणसुद्धा तिनं वाटण घालून सावरलं होतं. भोपळा फ्रिजात होता, अर्धा, लालभडक. दही होतं, गूळ होता. एका कुकरच्या शिट्टीत सगळं सावरलं असतं आणि एकवीस बायकांनी बोटं चाटली असती. ताईंच्या नावानं.

ती पदराला हात पुसत बाहेरच्या खोलीच्या दारात गेली. सुचेताताई रांगोळीचं चित्र फोनवर बघत पाटावर ठिपके काढत होत्या.

"ताई, पीठ कोरडं वाटालंय. दूध घालू? न्हाईतर भोपळा हाय, जरा वाफवून…"

हे तिनं कशासाठी विचारलं? विचारलं नाही असं कुणी म्हणू नये म्हणून. उत्तर तिला आधीच ठाऊक होतं. बाई किती ठिपके सोडून रेघ ओढते ते दोन वर्षं बघत होती ती.

"भोपळा?" सुचेताताईंनी नाक मुरडलं. "बनाना ब्रेडमध्ये भोपळा? काहीतरीच काय! मावशी, प्लीज, तुमचं गावाकडचं काही घालू नका. रेसिपीत आहे तेच आणि तेवढंच."

"तेवडंच?"

"तेवढंच."

"सरी," अंबूबाई म्हणाली. सरी म्हणजे बरं, सुचेताताईंना एवढं कन्नड येत होतं. त्या हसून म्हणाल्या, "सरी, सरी."

चोवीस गोळे साच्यांत दाबले. दाबावेच लागले, ओतायचा प्रश्नच नव्हता. भट्टीत गेले आणि बाहेर आले ते वरून तांबूस, दिसायला बरे, फक्त बुटके. अठरा साली तिनं फेकल्या नाहीत. परातीत ओळीनं मांडल्या, सहा-सहाच्या तीन रांगा, आणि परात ओट्याखाली सरकवली.

"जरा बसलेत का हे?" ताईंनी डोकावून विचारलं. अंगावर काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने.

"आठरात येवडंच फुगतंय, ताई."

"छान दिसतायत पण! फिती लावा."

तिनं फिती लावल्या. 'होममेड विथ लव्ह' बांधलं. तिला वाचता येत नव्हतं, पण काय लिहिलंय ते ताईंनीच कौतुकानं सांगितलं होतं.

पाच वाजता बायका आल्या. पुण्याच्या, मुंबईच्या, नागपूरच्या. काळ्या साड्या, अत्तरं, हशा. समोरच्या दारातली अक्षराही आली. ती इथलीच, कन्नड, म्हैसुराकडची. सुचेताताईंनी शेजारधर्म म्हणून बोलावली होती. हळदीकुंकू झालं, तिळगूळ झाला, नाव घ्यायचा आग्रह झाला. निधीताईंनी डाएटचं नाव न घेता तीन लाडू खाल्ले. मग वाण. एकेकीच्या हातात पिवळ्या फितीचा पुडा पडला.

"अगंबाई, जड आहे की गं!"

"लाडानं केलंय म्हटल्यावर जडच असणार."

"अय्या, मी आत्ताच उघडते." ही निधीताई. उघडला, तुकडा मोडायला गेली, मोडेना. "सुरी आहे का गं?"

सुरी आली. सुरी अडकली. कुणीतरी फिसकन हसलं. निधीताईंनी कोपरा दातात धरला, मान वाकडी केली आणि कट्ट असा आवाज आला.

"दात की ब्रेड?" एकीनं विचारलं.

"थांब, बघते." निधीताईंनी जीभ फिरवली. "ब्रेडच. सुचेता, हे खायचं आहे की दारात लावायचं, वाऱ्यानं आपटू नये म्हणून?"

"यंदा वाण म्हणून पाटा-वरवंटा गं! सुटा सुटा. वरवंटा यंदा, पाटा पुढच्या वर्षी."

हशा असा उसळला की खिडकीच्या काचा हादरल्या. सुचेताताईंच्या कानापर्यंत लाली चढली. हलव्याच्या दागिन्यांतून ती जास्तच दिसली. त्यांनी एक ब्रेड घेतला, दाबला, दबला नाही.

"मावशी!" त्यांनी हाक मारली. 'आवड आहे' म्हणणारी बाई ती. पण आता ब्रेड मावशींचा झाला. "मावशी, इकडे या जरा! काय करून ठेवलंत हे?"

अंबूबाई आली ती हातात परात घेऊन. बायकांच्या मधोमध, रांगोळीशेजारी, तिनं परात ठेवली. अठरा साली, तीन रांगा.

"मोजा," ती म्हणाली.

"हे काय?"

"साली. मोजा की. सकाळी तुमी मोजून दिलासा, आठरा. साहेब साक्षीला हुते. सा येळंचं पीठ, हर येळंला तीन केळी. कागदावर हाय तेच आनि तेवडंच."

अक्षरा पुढं वाकली. तिनं एक साल चिमटीत धरून उचलली आणि तिचे डोळे मोठे झाले.

"अय्यो! ये तो येलक्की है!" ती म्हणाली. "सुचेता, येलक्की तीनच घातली? तीन से क्या होता है? हमारे घर में एक ब्रेड को नौ-दस डालते हैं. तीन मतलब वो बडावाला केळं, पच्चबाळे! येलक्की इज सो स्मॉल, नो?" आणि ती निर्मळ मनानं हसली. तिला मराठी वाचता येत नव्हतं, ग्रुपातल्या मजकुराचं काही ठाऊक नव्हतं.

बाकीच्यांना होतं. हसू एका बाजूनं विझत गेलं.

"किती म्हनलासा आक्का?" अंबूबाईनं विचारलं. "परत सांगा. सगळ्यास्नी ऐकू जाऊ दे."

"नौ. ओंबत्तु. स्वल्प जास्तीच, कमी नाही."

"नऊ," अंबूबाई म्हणाली. आणि मग ती सुचेताताईंकडं वळली. "त्या दिशी मी नऊ घातलो, तर सा केळी चोरलो म्हनलासा. आज तीन-तीन घातलो. खावा."

"मावशी, आपण नंतर बोलू या का? आत?"

"न्हाई. जितक्या जनींत मला चोर केलासा तितक्या जनींतच बोलायचं. आत कशाला? आत तर तुमी मला माफ केलासा की, खांद्यावर हात ठिवून."

"अहो, माझा गैरसमज झाला. सॉरी."

"ते माझ्या कानात झालं. फोनात कवा?"

सुचेताताईंनी इकडं तिकडं बघितलं. कुणी मदतीला येईना. निधीताई फीत बोटाला गुंडाळत होत्या. शेवटी ताईंनी फोन उचलला आणि टाइप केलं. एकदम पंधरा-वीस फोन पिशव्यांत वाजले. बायकांनी काढून बघितले.

"काय लिवलंय आक्का?" अंबूबाईनं अक्षराला विचारलं.

अक्षरानं आपल्या फोनवर बघितलं. इंग्रजीत होतं. "लिखा है की, कुक के बारे में एक गैरसमज हुवा था, अब क्लिअर हो गया."

"कुनाचा गैरसमज?"

"वो नहीं लिखा."

"कोन कुक?"

"वो भी नहीं."

अंबूबाईनं मान हलवली. "असं न्हाई चालत ताई. चोर केलासा तवा नाव घातला न्हाईसा, तरी सगळ्यास्नी कळलं. आता नाव घालून बी कळंल का न्हाई कुनाला ठावं. मराठीत लिवा. लिवा, अंबूबाईनं एक केळं घेतलं न्हवतं. केळी कशी मोजायची ते मलाच कळलं न्हाई. खाली तुमचं नाव."

"मावशी, हे जरा जास्त होतंय."

"माझी चंची टेबलावर उलटी केली त्यानं. फाटकावर. रोज करतोय. ते किती झालं?"

एकेकीच्या मांडीवर पिवळ्या फितीचा पुडा. सुचेताताईंचा अंगठा फोनवर थांबला, हलला, थांबला. मग त्यांनी लिहिलं. सगळं. नाव, मजकूर, खाली स्वतःचं नाव. फोन परत वाजले. एकीनं ते मोठ्यानं वाचलं, कुणी सांगितलं नव्हतं तरी. वाचताना 'मलाच कळलं नाही' इथं तिचा आवाज किंचित मजेत आला, आणि ते सुचेताताईंना ऐकू गेलं, आणि अंबूबाईनं ते त्यांना ऐकू गेलेलं बघितलं. पोटातला विस्तव त्या वेळेला खरा गार झाला. दया वगैरे काही आली नाही. खोटं कशाला सांगा.

"अंबूबाई," निधीताई लगेच पुढं आल्या, त्या दिवशीचाच गोड आवाज, "उद्यापासून या ना परत. ती नवीन बाई काही बरोबर नाही हो."

"तुमचं डाएट हाय न्हवं?"

"अहो, ते…"

"चालू द्या. अंगाला लागालंय चांगलं. मघा तीन लाडू खाल्लासा, ते बी मोजलो मी."

दोघी-तिघी तोंडात पदर कोंबून हसल्या. निधीताई परत खुर्चीत जाऊन बसल्या.

सुचेताताई हळूच अंबूबाईजवळ आल्या. डोळे भरल्यासारखे होते, रागानं की कशानं ते सांगता येत नव्हतं. "मावशी, तुम्ही सांगू शकला असतात ना मला सकाळी? की अठरा पुरणार नाहीत म्हणून? मुद्दाम केलंत तुम्ही."

"व्हय," अंबूबाई म्हणाली. "मुद्दामच केलो."

अंबूबाई सरळ हो म्हणेल असं ताईंना वाटलं नव्हतं. "मग आता… तुम्हाला इथं काम करायचं नसेल तर मी समजू शकते."

"करायचं नसंल? मी कशाला सोडू? उद्या सातला येतो. फाटकावर फोन करून सांगा, पिशवीला हात लावायचा न्हाई."

ताईंनी मान डोलावली. रोज सकाळी सातला ही बाई समोर उभी राहणार, चहा देणार, काही बोलणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं तसे त्यांचे खांदे खाली आले. अंबूबाईला तेच पाहिजे होतं. निघून गेलेलं माणूस चार दिवसांत विसरलं जातं. समोर असलेलं कसं विसरणार?

आत कुकर तिसरी शिट्टी देऊन बसला होता. मटार उसळ व्हायची होती, कॉफीचं दूध चढवायचं होतं, बावीस बायका उपाशी बसल्या होत्या आणि नुसत्या तिळगुळानं कुणाचं पोट भरत नाही. अंबूबाईनं साली कचऱ्याच्या डब्यात ओतल्या, परात विसळली, हात धुतले. पदर खोचून तिनं पातेल्यात फोडणी टाकली. मोहरी तडतडली, कढीपत्ता पडला.

"ताई," तिनं बाहेर हाक दिली, "उसळीत खोबरं घालू का न्हाई? सांगा म्हंजे झालं. पावनं उपाशी हाईत."

बाहेरून आवाज आला. "तुम्हाला हवं ते घाला, मावशी."

तिनं मूठभर खोबरं घातलं, गुळाचा खडा टाकला आणि वर झाकण ठेवून कॉफीच्या कपांकडं वळली.